टकलावरचे खरखरीत चट्टे आणि ब्रिस्बेनचं एक स्किन क्लिनिक

माझ्या सासऱ्यांचं आयुष्य क्वीन्सलँडमध्ये, बंडाबर्गच्या उसात गेलं. आयरिश वंशाची गोरी कातडी आणि तिथलं ऊन. ऑस्ट्रेलियात उन्हापासून कातडी जपायला सांगणारी 'स्लिप, स्लॉप, स्लॅप'ची (शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा) मोहीम आली १९८१ मध्ये. तोवर ते कित्येक वर्षं उघड्या डोक्याने शेतात राबले होते. आता टकलावर आणि कानांच्या कडांवर खरखरीत चट्टे आहेत. डोळ्यांना दिसायच्या आधी ते बोटांना लागतात. नाव अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. हा कॅन्सर नव्हे, पण यातल्या एखाद्या चट्ट्याचा पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे एक प्रकारचा त्वचेचा कॅन्सर, होऊ शकतो आणि तो नेमका कोणता, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

गावातले डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने एकेक चट्टा गोठवायचे. तो जायचा, शेजारी दुसरा उगवायचा. ब्रिस्बेनच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत कारण सांगितलं : चट्ट्याच्या आजूबाजूची, वरून चांगली दिसणारी कातडीही उन्हाने बिघडलेली असते, म्हणून उपचार सबंध भागावर हवा. त्यांनी फ्लुओरोयुरासिलचं ५ टक्क्यांचं क्रीम दिलं, दिवसातून दोनदा, चार आठवडे.

हे औषध सोपं नाही. डोकं लालबुंद झालं, खपल्या धरल्या, उशीच्या अभ्र्यावर डाग पडायला लागले. पण नर्सने दर आठवड्याला कातडी कशी दिसेल याचे फोटो आधीच दाखवले होते, त्यामुळे आम्ही घाबरून औषध थांबवलं नाही. तिने आणखी एक विचारलं, 'घरात कुत्रा आहे का?' हे क्रीम कुत्र्याने चाटलं किंवा ट्यूब चावली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे दोन आहेत. ट्यूब वरच्या कपाटात गेली, उशा-टॉवेल वेगळे झाले. या एका प्रश्नासाठी मी त्या नर्सला पैकीच्या पैकी गुण देईन.

तीन महिन्यांनी तपासणी. टक्कल गुळगुळीत झालं होतं, माझ्या मते काम फत्ते. पण डॉक्टरांनी कॉन्फोकल मायक्रोस्कोप काढला. उपचाराआधीही त्यांनी त्याच जागांची चित्रं घेऊन ठेवली होती. कातडीवर जेलचा थेंब, त्यावर हातात धरायचा प्रोब, आणि सासऱ्यांना 'हलू नका' एवढीच सूचना. सुई नाही, टाका नाही. कमी ताकदीचा लेझर कातडीत शिरतो, परत येणाऱ्या प्रकाशातून पडद्यावर पेशींचं करडं चित्र उमटतं. निरोगी कातडीत पेशींच्या कडा मधाच्या पोळ्यासारख्या एकसारख्या दिसतात. जुन्या चित्रात ही जाळी विस्कटलेली होती, पेशी लहान-मोठ्या. नव्या चित्रात बहुतेक ठिकाणी ती सावरली होती. एका जागी, डाव्या कानाच्या वर, नव्हती. वरून तिथे काहीसुद्धा दिसत नव्हतं. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. त्यांनी तेवढ्याच जागेचा तुकडा तपासायला पाठवला. अहवालात केराटोसिसच निघाला, कॅन्सर नाही, आणि ती जागा त्यांनी गोठवली.

मशीनची मर्यादाही त्यांनी न विचारता सांगितली. ते जेमतेम पाव मिलिमीटर खोल पाहू शकतं. जाड खपलीखाली त्याचं काही चालत नाही, तिथे बायोप्सीच लागते. असं मोकळेपणाने सांगणारा डॉक्टर मला हवा असतो.

तक्रार एकच, पण मोठी. या तपासणीचे पैसे वेगळे लागतात हे काउंटरवर बिल हातात आल्यावर कळलं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगायला हवं. शिवाय बंडाबर्गहून साडेतीनशे किलोमीटरवरून येणाऱ्याला सकाळी आठची वेळ देऊ नये. आम्हाला आदल्या दिवशी मोटेलात राहावं लागलं.

इथल्या मराठी मंडळींनी मला विचारलं, आपणही जावं का? आपल्या सावळ्या कातडीत हे चट्टे फार कमी होतात, नुसत्या भीतीपोटी एवढा खर्च करू नका. पण अल्बिनिझम (जन्मतःच कातडीत रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं) असेल, किंवा किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना नियमित दाखवा. न भरणारा, पुन्हापुन्हा खपली धरणारा डाग कुणाचाही असो, तो दाखवायलाच हवा.

सासऱ्यांची पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. या वेळी मी अकराची वेळ मागून घेतली आहे आणि मशीनचा खर्च ईमेलवर लिहून मागितला आहे.