आमच्या तालुक्याच्या सेवा क्लबात वर्षभर पाहुणी: साडेतीन स्टार, त्यातले दोन एकट्या डॉक्टरांचे

मी होमस्टे चालवते, श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात, त्यामुळे रिव्ह्यू वाचायची सवय आहे, लिहायची नाही. लोक आमच्या मोदकांना पाच स्टार देतात आणि गीझरला एक, मग सरासरी काढून आपण रडायचं. पण गेलं वर्षभर तालुक्याच्या क्लबात पाहुणी म्हणून जातेय, आता मेंबर व्हा म्हणून मागे लागलेत, आणि ओळखीच्या तिघीचौघी विचारतायत की जाण्यासारखं आहे का गं, तर म्हटलं एकदाच लिहून टाकू. क्लब चाकवाल्यांचा (रोटरी) की सिंहवाल्यांचा (लायन्स) ते सांगत नाही. गाव लहान आहे, उद्या बाजारात त्याच लोकांच्या शेजारी उभं राहून सुरमईचा भाव करायचाय.

मीटिंग महिन्यातून दोनदा, मंगळवारी, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. वेळ आठची. आठला तिथे फक्त वेटर असतो आणि मी. साडेआठला माणसं जमतात, मग अध्यक्ष लाकडी हातोडीने पितळेची घंटा वाजवतात (हा भाग मला आवडतो, शाळा भरल्यासारखं वाटतं), राष्ट्रगीत, सेक्रेटरींच्या सूचना, मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, प्रत्येकाला गुलाबाचं फूल आणि फोटो, मग मागच्या महिन्यात ज्याचा फोटो राहिला त्याचा फोटो, मग पाहुण्यांचा परिचय जो पाहुण्यांच्या भाषणाएवढाच असतो, शाल, श्रीफळ. नारळाच्या वाडीतल्या माणसाला नारळ देऊन सत्कार करायचा हे मला आजतागायत कळलेलं नाही. एका वक्त्यांनी तर स्टेजवरच नारळ हलवून बघितला आणि म्हणाले, पाणी कमी आहे. तेव्हा माझा सल्ला, पावणेनऊला जा, काही बुडत नाही.

आता भाषणं. खरं तर त्यासाठीच मी जाते.

सगळ्यात भारी झालं ते जूनच्या सुरुवातीला, सर्पदंशावर. बोलायला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते, तिशीतले, शर्टाची बाही आधीच वर केलेली. सोबत आलेल्या ब्रदरने (पुरुष नर्स) सगळ्यांसमोर डॉक्टरांच्याच हातातून सिरिंजने दोन मिली रक्त काढलं, एका कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत सोडलं आणि ती नळी टेबलावर बटाटावड्याच्या प्लेटशेजारी स्टँडला उभी करून ठेवली. डॉक्टर म्हणाले, आता वीस मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही, तोवर मी बोलतो. आणि बोलले. साप खूप, पण जीव घेणारे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि आपलं फुरसं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविषाचं इंजेक्शन या चौघांवर मिळून एकच असतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावतो. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, आणि दुखत म्हणावं असं नाहीच, माणूस कूस बदलून परत झोपतो, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या खाली यायला लागतात, घरचे म्हणतात ॲसिडिटी. आवळून दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, हात-पाय हलवू न देता गाडीत घाला आणि निघा. आणि लहान मुलाला डोस कमी नसतो, मोठ्या माणसाएवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे ऐकून हॉलमध्ये जी शांतता झाली ना, आमच्याकडे तशी फक्त जेवण वाढायला उशीर झाला की होते.

मग घड्याळ बघून त्यांनी नळी उचलली आणि तिरकी केली. रक्त हललं नाही. जेलीसारखं बसलेलं. म्हणाले, हे माझं, ठणठणीत माणसाचं. फुरसं किंवा घोणस चावून विष भिनलं असेल तर वीस मिनिटांनीही हे पाण्यासारखं वाहतं, त्यावरून आम्हाला कळतं की इंजेक्शन लगेच सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही. एवढं सांगून खाली बसले. वीस मिनिटांत भाषण संपवलेला क्लबाच्या इतिहासातला बहुधा पहिला माणूस. जाता जाता महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगितलं, विंचूदंशावर रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी त्यांनी इथे आपल्या जिल्ह्यात काम करता करता वापरून दाखवली, त्यावरचं लेखन लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या टेबलावरच्या एका काकूंना लहानपणी लाल विंचू चावलेला, त्या नुसत्या मान हलवत होत्या.

दुसरं चांगलं झालं ते सुपारीवरचं. श्रीवर्धनी रोठा ही आपली सुपारी म्हणून आपण मिरवतो, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी कमरेत मोडून पडल्या, नवीन लावलेल्या आता कुठे धरायला लागल्यात, म्हणून मी वही घेऊन गेलेले. वक्ते एक वयस्कर बागायतदार, क्लबाचे मेंबरही नाहीत. कोळेरोगावर (पावसात सुपारी कुजून गळते तो) मारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण कसं करायचं ते त्यांनी स्टेजवर दोन प्लास्टिकच्या बादल्या मांडून करून दाखवलं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, मोरचूद चुन्यात ओतायचं, चुना मोरचुदात नाही, आणि लोखंडाच्या भांड्यात अजिबात नाही. मग खिशातून चाकू काढून त्यात बुडवला. पातं लालसर झालं तर तांबं मोकळं राहिलंय, चुना वाढवा, नाहीतर झाडाला चटका बसतो. पहिली फवारणी पावसाच्या आधी, दुसरी चाळीसेक दिवसांनी उघडीप बघून. आता हे आमच्या आजेसासऱ्यांना माहीत असणारच, पण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही दुकानदार देईल ती बाटली मारत होतो.

आणि मग आले पुण्याहून एक मोटिव्हेशनल सर. पन्नास मिनिटं, लॅपटॉप, गरुडाचे फोटो. कम्फर्ट झोनच्या बाहेर या म्हणे. समोर आमचे ट्रॉलरवाले दादा बसलेले, जे ३१ जुलैला मासेमारी बंदी संपली की खवळलेल्या समुद्रात बोट काढतात. ते शेवटी मला हळूच म्हणाले, वहिनी, हे सर कुठल्या झोनमधून आले? त्या दिवशीच मी ठरवलं की वक्ता तीस-चाळीस किलोमीटरच्या आतला असेल आणि हातात काही वस्तू घेऊन येणार असेल तरच जायचं. अजून तरी हा नियम चुकलेला नाही.

गेट-टुगेदरचंही तसंच. डिसेंबरात रिसॉर्टवर थीम नाइट केली, डीजे एवढा मोठा की शेजारी बसलेल्याचं नाव विचारायला व्हॉट्सॲप करावं लागलं, पनीर टिक्का थंड, माणशी पैसे मात्र गरम. आणि जानेवारीत एका मेंबरांच्या वाडीत पोपटी लावली, तिला तोड नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी आणि केळीच्या पानात बांधलेलं चिकन, पाण्याचा थेंब नाही, मडकं उलटं करून भोवती पेंढा आणि शेणी पेटवल्या. झालं का बघायला वरून पाणी शिंपडायचं, चर्र होऊन उडालं की काढा. ते मडकं निघेपर्यंतच्या अर्ध्या तासात ज्या गप्पा झाल्या, त्यातून मला गीझरवाला मिळाला, एका मुलीच्या नर्सिंगच्या फीची सोय झाली आणि अध्यक्षपदावरून न बोलणारे दोन जण बोलायला लागले. शाल नाही, माईक नाही.

तक्रार दोन. एक म्हणजे बायका. दोन्ही क्लब मूळचे शिकागोचे, विवेकानंद १८९३ ला बोलले ते शिकागो, रोटरी १९०५ ची, लायन्स १९१७ चा, हे आम्हाला स्थापना दिनाला दरवर्षी सांगतात. पण लायन्सने १९८७ ला आणि रोटरीने १९८९ ला बायकांना मेंबर करून घेतलं, एवढं वाक्य त्या भाषणात कधी येत नाही. मेंबर बायका तीन, आणि कार्यक्रम ठरला की रांगोळी वहिनींकडे. मी एकदा म्हटलं, मला आभार प्रदर्शन द्या, रांगोळी दादा काढतील. हसले सगळे. रांगोळी मीच काढली.

दुसरी जास्त मोठी. यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे एक तर पदग्रहण ऐन धो-धो पावसात, लाइट गेलेली, इन्व्हर्टर कूं कूं करतोय आणि नवे अध्यक्ष मोबाइलच्या उजेडात संकल्प वाचतायत. आणि दुसरं, दर वर्षी अध्यक्ष नवा म्हणून दर वर्षी पाटी कोरी. डॉक्टरांच्या भाषणानंतर ठरलेलं की वाडी-वाडीत सर्पदंशाचे बोर्ड लावायचे, जवळ कुठल्या दवाखान्यात इंजेक्शन असतं ते लिहून. जूनमध्ये ठरलं, जुलैत अध्यक्ष बदलले, नवीन साहेबांचा विषय वृक्षारोपण. बोर्डाचा मजकूर अजून ग्रुपवर पडून आहे, खाली सत्तावीस अंगठे.

जाणार असाल तर पाहुण्याचं जेवण अडीचशे, व्हेज ठीकठाक, सोलकढी चांगली, मच्छी असेल त्या दिवशी आधी नाव द्या. मागे बसू नका, स्पीकर खरखरतो. वक्ता कोण ते ग्रुपवर दोन दिवस आधी येतं, ते बघूनच रिक्षा सांगा.

माझा मेंबरशिपचा फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. पुढच्या जुलैला अध्यक्ष म्हणून ट्रॉलरवाल्या दादांचं नाव चाललंय. ते झाले तर भरते, बोर्डाचा मजकूर सोबत जोडून.