घरातली काजळी प्रोफेशनल टीमकडून काढून घेतली, सात-आठ महिन्यांनंतर लिहितेय

आग लागली होती एकाच खोलीत, टीव्हीच्या मागच्या एक्स्टेन्शन बोर्डला, आणि विझलीही लवकर, पण काजळी घरभर झाली. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना खरं वाटत नाही की दार लावलेल्या बेडरूममधल्या कपाटात घडी करून ठेवलेल्या चादरींच्या कडेलासुद्धा काळी रेघ येते. गरम धूर वर जातो, पसरतो आणि जिथे गार भिंत मिळेल तिथे बसतो, त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या भिंती, खिडक्यांच्या चौकटी आणि छताचे कोपरे सगळ्यात काळे. कोपऱ्यांत जळमटं लोंबत होती ती कोळ्याची नव्हतीच, काजळीचे कण एकाला एक चिकटून झालेले धागे होते ते.

काम संपलं तेव्हाच लिहिणार होते पण मुद्दाम थांबले, कारण काजळीचं काम त्या दिवशी कसं दिसतं याला फार अर्थ नाही. हवा दमट झाली, घर दोन दिवस बंद राहिलं की मग वास येतो की नाही, रंगातून पिवळे डाग वर येतात की नाही, हे महिने गेल्यावरच कळतं.

टीमचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा त्याने आधी काय काय जळलंय ते विचारलं. वायरचं पीव्हीसी, टीव्हीची बॉडी, सगळं प्लॅस्टिक. प्लॅस्टिकची काजळी तेलकट असते, पुसायला गेलं की फासली जाते, आणि पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराईड निघतो, तो ओलाव्याला लागला की अ‍ॅसिड होतं आणि धातूला खातं. म्हणून त्यांनी भिंतींना हात लावायच्या आधी नळ, हँडल, बिजागऱ्या, कुलपं साफ केली आणि त्यावर तेलाचा पातळ हात फिरवला. तेव्हा मला वाटलं भिंती एवढ्या काळ्या आणि हे नळ काय पुसत बसलेत. आता कळतंय, पुसलेले सगळे नळ आजही चकचकीत आहेत आणि बाल्कनीच्या दाराची एक कडी राहून गेली होती तिच्यावर ठिपके पडलेत ते काही केल्या जात नाहीत.

त्यांचं खरं काम म्हणजे कोरडं काम. आधी हेपा फिल्टरवाला व्हॅक्युम, जो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के धरतो, घरच्या साध्या व्हॅक्युममधून एवढी बारीक काजळी मागून परत हवेत येते. तोही भिंतीला टेकवायचा नाही, नोझल जराशी लांब धरायची म्हणजे काजळी आत रगडली जात नाही. मग ड्राय स्पंज. हा रबराचा असतो, पाणी बिलकुल लावायचं नाही. एका दिशेने सरळ ओढायचा, पुढची ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढवायची, खसाखसा घासायचं नाही. एक बाजू काळी झाली की दुसरी, सगळ्या बाजू भरल्या की कटरने वरचा थर कापून टाकायचा, आत परत कोरा स्पंज. छताचा एक पट्टा काढला तेव्हा शेजारचा भाग किती काळा आहे ते दिसलं, त्याआधी आम्हाला ते छत बरं वाटत होतं!

पाण्याचं काम त्यानंतर, डीग्रीझर म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण घालून, आणि भिंत खालून वर धुवायची. उलटं वाटतं पण वरून धुतलं तर घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते डाग बसतात ते बसतातच. आमच्याकडे मदतीला आलेल्या एका काकांनी टीम यायच्या आधी पॅसेजच्या भिंतीवर ओलं फडकं फिरवलं होतं, प्रेमापोटीच, पण अख्ख्या घरात सगळ्यात जास्त त्रास त्या तुकड्याने दिला. स्पंजने निघेना, डीग्रीझरने निघेना, शेवटी शेलॅकवाल्या, म्हणजे लाखेच्या, प्रायमरचे दोन हात देऊन तो आत बंद करावा लागला. त्यामुळे कोणाच्या घरात असं झालं असेल तर कृपा करून आलेल्या माणसांच्या हातातलं फडकं काढून घ्या, वाईटपणा आला तरी चालेल.

पुस्तकांचं काम मला सगळ्यात आवडलं. एक मुलगी होती टीममध्ये, ती एकेक पुस्तक घट्ट मिटून धरायची आणि वरची कड मऊ ब्रशच्या नोझलने साफ करायची, कणा ते मोकळी बाजू, कारण पुस्तक जरा जरी उघडलं तरी काजळी पानांत उतरते. माझ्या आईची जुनी पुस्तकं होती त्यात, सगळी बचावली.

वासाबद्दल सांगते, कारण इथेच फसवणूक होऊ शकते. आधी दुसऱ्या एकाने सांगितलेलं की ओझोन मशीन लावतो, एका रात्रीत वास जाईल. ओझोन चालतो, पण काजळी तशीच ठेवून ओझोन लावला तर वास परत येणारच, आणि तो चालू असताना माणसं, प्राणी, झाडं सगळी घराबाहेर हवीत, फुफ्फुसांना वाईट आणि रबराच्या वस्तूही खराब होतात. आमच्या टीमने हायड्रॉक्सिल मशीन लावलं, हेही वास मोडणारंच मशीन, ते हळू काम करतं पण आजूबाजूला वावरता येतं, आणि तेही सगळी सफाई झाल्यावर. सुगंधी स्प्रे मारून वास गेला म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

सोफा आणि एक गादी टाकून द्यावी लागली. फोममध्ये शिरलेला धूर निघत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, साफ करून देतो म्हणून पैसे काढले नाहीत, याचे मार्क त्यांना पूर्ण. उघडी औषधं, क्रीमं, खायचे उघडे डबे, हेही सगळं टाकलं.

आता जे चुकलं ते. एसीचं त्यांनी फिल्टर धुतलं, कॉइल धुतली, पण आतला ब्लोअर उघडलाच नाही. महिन्याभराने एसी लावला की पहिली दहा मिनिटं जळका वास. परत बोलावलं, ब्लोअर काढला तर पात्यांवर काळा थर. दुसरं म्हणजे कपाटांची मागची बाजू. पुढून आतून सगळं चकाचक, पण मागचा प्लाय कोरा, रंग नाही पॉलिश नाही, त्याने धूर पिऊन घेतलेला. दमट हवा सुरू झाली आणि बेडरूममध्ये वास यायला लागला. फोन केला तर सुपरवायझर म्हणे मॅडम तुम्हाला भास होतोय. मला राग आला, कारण खरं तर उलटं होतं, घरात राहून आमच्या नाकाला सवय झाली होती म्हणून आम्हालाच उशिरा कळलं, पाहुणी आली तिने दारातच विचारलं काय जळतंय का. शेवटी आले, कपाट ओढून मागून साफ केलं, शेलॅक मारला, आणि त्यानंतर आजपर्यंत वास नाही. ड्रॉवरच्या खालच्या बाजू आणि स्विचबोर्डच्या प्लेटच्या मागे मीच उघडून बघितलं, तिथेही होतीच काजळी, तीही करून घेतली, मेन स्विच बंद करून अर्थातच.

इलेक्ट्रॉनिक्स साफ होईपर्यंत चालू करू नका असं त्यांनी बजावलं होतं ते आम्ही पाळलं. तरी एक स्पीकर आत्ता गेला, उघडला तर आत तांब्यावर हिरवट थर. तो त्यांच्या यादीत नव्हता, माळ्यावर होता, आणि माळाही घराचाच भाग आहे हे त्यांनी विचारायला हवं होतं असं माझं मत.

मास्कबद्दल एक. टीम पूर्ण सूट आणि कार्ट्रिजचा मास्क घालून होती, मुलांना अजिबात आत येऊ देत नव्हती, ते मला पटलं. धुराडी साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी आहे हे पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि आजही लोक रुमाल बांधून झाडू मारायला लागतात.

एकूण मी पाचपैकी चार देईन. भिंती, छत, पुस्तकं, धातूच्या वस्तू, पाचपैकी पाच. लपलेल्या जागा, तीन. नंतरची सर्व्हिस भांडल्यावर चांगली. कोणी असं काम देत असाल तर ठरवतानाच लिहून घ्या की एसीचा ब्लोअर, कपाटांच्या मागच्या बाजू, माळे आणि स्विचबोर्ड धरलेत, आणि हवा दमट झाल्यावर एक चक्कर फुकट मारायची. आमच्या कागदावर हे नव्हतं म्हणून त्या दुसऱ्या फेरीसाठी एवढे फोन करावे लागले.