स्मोकी की शेनान्डोआ? निसर्ग, लोकसंगीत आणि वारसा यांच्या दृष्टीने दोन पर्वतीय उद्यानांची तुलना

अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलेचियन पर्वतरांगेत जाण्याचा विचार करणाऱ्यांसमोर बहुधा दोन नावे येतात: टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर पसरलेले ग्रेट स्मोकी माउंटन्स आणि व्हर्जिनियातील शेनान्डोआ. अमेरिकी काँग्रेसने या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांना १९२६ साली एकत्रच मान्यता दिली. स्मोकीची स्थापना १९३४ मध्ये आणि शेनान्डोआची १९३५ मध्ये झाली आणि दोन्हींचे लोकार्पण अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याच हस्ते झाले. ओसाड सरकारी जमीन राखून ती निर्माण झालेली नाहीत, तर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेली गावे आणि शेते विकत घेऊन, प्रसंगी सक्तीने ताब्यात घेऊन ती उभी राहिली, हेही दोन्हींचे साम्य आहे. पुढच्या काळात मात्र त्या माणसांच्या घरांचे, गाण्यांचे आणि आठवणींचे काय झाले, याबाबतीत दोघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या. ज्यांना डोंगराइतकाच तिथल्या संगीतात आणि वारशात रस आहे, त्यांनी निवड करताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा मानावा, असे माझे मत आहे.

निसर्ग

केवळ निसर्गाचा विचार केला, तर विविधतेत स्मोकी स्पष्टपणे सरस आहे. सुमारे ५ लाख २२ हजार एकरांच्या या उद्यानात पायथ्यापासून शिखरापर्यंत उंचीत इतका फरक पडतो, की न्यूफाउंड गॅपचा रस्ता चढताना रुंद पानांच्या मिश्र जंगलातून माणूस तासाभरात उत्तरेकडील थंड प्रदेशात आढळणाऱ्या स्प्रूस आणि फरच्या वनात पोहोचतो. उंच भागात वर्षाला ८५ इंचांपर्यंत पाऊस पडतो. त्या ओलाव्यामुळे सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या तीस जाती आणि फुलझाडांच्या दीड हजारांहून अधिक जाती येथे नांदतात. सर्वोच्च शिखर ६,६४३ फूट उंचीचे असून ते दीर्घकाळ क्लिंगमन्स डोम या नावाने ओळखले जात होते. येथील मूळ रहिवासी असलेल्या चेरोकी लोकांच्या मागणीवरून सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे मूळ नाव, कुवोही, अधिकृतपणे परत देण्यात आले. मोटारीने जवळजवळ वरपर्यंत जाता येते. शेवटचा अर्धा मैल पायी चढायचा असून तो डांबरी असला तरी चांगलाच खडा आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी त्याला हलके लेखू नये. डिसेंबर ते मार्च हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो.

शेनान्डोआ आकाराने निम्म्याहूनही लहान, सुमारे दोन लाख एकरांचे आहे आणि त्याचे सर्वोच्च शिखर हॉक्सबिल ४,०५१ फूट उंच आहे. मात्र हे उद्यान पाहणे विलक्षण सोपे आहे. फ्रंट रॉयलपासून रॉकफिश गॅपपर्यंत डोंगराच्या माथ्यावरून जाणाऱ्या १०५ मैलांच्या स्कायलाइन ड्राइव्हवर सुमारे सत्तर ठिकाणी थांबून दरी पाहता येते. वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे आणि मैलाच्या खुणांवरून प्रत्येक पायवाट शोधता येते. भारतातून आलेले आईवडील किंवा लहान मुले सोबत असतील, तर ही सोय मोठी आहे, कारण फारसे न चालताही पर्वतात असल्याचा अनुभव येथे पूर्ण मिळतो. चालण्याची हौस असलेल्यांसाठी ओल्ड रॅगची खडकांतून वर जाणारी वाट आहे. तिची सुरुवात स्कायलाइन ड्राइव्हवरून होत नाही आणि १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात त्या दिवसाचे वेगळे तिकीट आधी काढावे लागते, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. शेनान्डोआ सॅलमँडर नावाचा एक दुर्मीळ जीव याच उद्यानातील केवळ तीन शिखरांवर सापडतो, परंतु तो सहसा दृष्टीस पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी हे उद्यान निवडावे, असे म्हणणार नाही.

दोन्हीकडे काळी अस्वले आहेत. एल्क ही मोठी हरणे मात्र फक्त स्मोकीत आहेत. तेथून पूर्णपणे नाहीसा झालेला हा प्राणी २००१ साली पुन्हा आणून सोडण्यात आला आणि आता उद्यानाच्या दक्षिण टोकाकडील ओकोनालुफ्टीच्या कुरणांत सकाळ-संध्याकाळी त्याचे कळप दिसतात. मेच्या अखेरीस आणि जूनच्या पूर्वार्धात एल्कमाँट परिसरात एकाच वेळी लुकलुकणारे आणि एकाच वेळी विझणारे काजवे ही स्मोकीची आणखी एक ख्याती आहे. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतले काजवे पाहिलेल्यांनाही त्या लयबद्धतेचे अप्रूप वाटेल. त्या काळात वाहनाने तेथे जाण्यासाठी सोडतीत नाव लागावे लागते आणि सोडतीची नोंदणी एप्रिलच्या अखेरीस होत असल्याने बेत फार आधी ठरवणे आवश्यक आहे.

संगीत

या पर्वतांतील संगीताला ‘मूळचे ब्रिटिश’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. तिचे बरेचसे श्रेय सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाकडे जाते. १९१६ ते १९१८ या काळात त्याने मॉड कार्पेलेस हिच्यासह नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, व्हर्जिनिया आणि केंटकीच्या डोंगराळ भागांत हिंडून, इंग्लंडमध्ये लोप पावत चाललेली कथागीते येथे अजून गायली जात असल्याचे नोंदवले. त्याचे काम मोलाचे आहे, परंतु त्याला जे शोधायचे होते तेच त्याने प्रामुख्याने शोधले. चर्चमधील भजने, नाचासाठी वाजवले जाणारे फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि कृष्णवर्णीयांचे संगीत यांच्याकडे त्याचे लक्ष जवळजवळ गेलेच नाही. वास्तविक या संगीताचा आत्मा ज्यात आहे असे आपण मानतो, तो बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून आलेला आहे, आणि फिडल व बँजो यांची जोडी जमली तेव्हाच ‘ओल्ड टाइम’ म्हणून ओळखली जाणारी शैली घडली. आज प्रसिद्ध असलेले ब्लूग्रास हे तिचे १९४० च्या दशकात घडलेले, अधिक वेगवान आणि रंगमंचावर सादर करण्याजोगे रूप आहे. डोंगरातले पुरातन संगीत म्हणून ब्लूग्रास ऐकवले जाते तेव्हा ही गोष्ट लक्षात असावी.

स्मोकीच्या बाबतीत एक सुदैवाची गोष्ट घडली. उद्यान आकाराला येत असताना, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, जोसेफ हॉल हा तरुण भाषाभ्यासक राष्ट्रीय उद्यान सेवेच्या वतीने तेथील रहिवाशांची बोली टिपण्यासाठी आला आणि बोलीबरोबर त्याने गाणी, कथागीते व वाद्यवादनही ध्वनिमुद्रित केले. ज्यांची घरे जाणार होती किंवा नुकतीच गेली होती, अशा लोकांचे आवाज त्यात आहेत. या मुद्रणांतील निवडक संग्रह पुढे प्रकाशित झाला आणि त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. उद्यानाला भेट देण्यापूर्वी तो ऐकला, तर उद्यानातील केड्स कोव्ह या जुन्या वस्तीमधील रिकाम्या लाकडी घराच्या ओसरीवर उभे राहण्याचा अर्थच बदलतो. आजही ओकोनालुफ्टीच्या अभ्यागत केंद्रात हंगामात ओल्ड टाइम वादकांच्या अनौपचारिक बैठका होतात. तिकीट नसते, व्यासपीठ नसते, आणि वाद्य आणणाऱ्यालाही सामावून घेतले जाते. उद्यानाबाहेर पिजन फोर्ज येथे डॉली पार्टन यांच्या नावाचे मनोरंजन उद्यान आहे. त्यांचा जन्म १९४६ मध्ये याच सेव्हियर काउंटीत झाला आणि तेथील संगीताचे कार्यक्रम खरोखर चांगल्या दर्जाचे असतात. तरीही ज्याला लोकसंगीताची मूळ बैठक अनुभवायची आहे, त्याने झगमगाटासाठी एक दिवस आणि बैठकीसाठी दुसरा दिवस राखावा. दोन्हींची सरमिसळ करू नये.

शेनान्डोआचे संगीत उद्यानापेक्षा खालच्या खोऱ्यात अधिक सापडते. हॅरिसनबर्गजवळच्या, आज सिंगर्स ग्लेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत जोसेफ फंक या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) संगीतशिक्षकाने १८३२ मध्ये आकारांकित स्वरलिपीतील भजनसंग्रह प्रसिद्ध केला. या लिपीत स्वराच्या चिन्हाचा त्रिकोण, चौकोन किंवा गोल असा आकारच स्वर सांगतो, त्यामुळे संगीताचे शिक्षण न घेतलेल्या शेतकऱ्यांनाही चार आवाजांत गाणे शक्य झाले. फंकच्या संग्रहाच्या सुधारित आवृत्त्या वापरून त्या खोऱ्यात अजूनही सामूहिक गायन होते. हाच धागा स्मोकीच्या बाजूला ‘ओल्ड हार्प’ गायनाच्या रूपाने जिवंत आहे. तेथे वाद्ये नसतात. गायक एकमेकांकडे तोंड करून चौकोनात बसतात आणि श्रोता असा कोणी नसतो, असे म्हटले तरी चालेल. याखेरीज शेनान्डोआच्या थॉर्नटन गॅपपासून जवळच असलेल्या लुरे येथील गुंफेत लेलँड स्प्रिंकल यांनी १९५० च्या दशकात घडवलेला, चुनखडीच्या लोंबत्या सुळक्यांवर रबरी हातोड्या आपटून वाजणारा ऑर्गन आहे. त्याला वारसा म्हणावे की गंमत, हे ज्याचे त्याने ठरवावे, पण मुलांना तो नक्की आवडतो. उद्यानातील स्कायलँड आणि बिग मेडोज या निवासस्थानांत हंगामात संध्याकाळी डोंगरी संगीताचे कार्यक्रम असतात. ते सुखावह असतात, परंतु त्यांचे स्वरूप पाहुण्यांच्या करमणुकीचेच राहते.

वारसा

येथे तुलना सर्वांत अवघड आणि सर्वांत उद्बोधक होते. स्मोकीने इमारती राखल्या. केड्स कोव्हच्या अकरा मैलांच्या एकेरी वळणरस्त्यावर लाकडी घरे, तीन चर्च आणि पाणचक्की आहे. ओकोनालुफ्टीजवळ १८८६ ची मिंगस मिल आहे, आणि शेजारच्या शेतसंग्रहालयात रोगाने चेस्टनटची झाडे नष्ट होण्यापूर्वी त्याच लाकडाने बांधलेले घर आहे. हे सारे पाहण्यासारखे असले तरी ते जसेच्या तसे जपलेले गाव नव्हे. उद्यान सेवेने केड्स कोव्हमधील नव्या धाटणीची फळीबंद घरे पाडली आणि जुनी ओंडक्यांची घरे ठेवली, त्यामुळे विसाव्या शतकात जगणारे गाव पाहणाऱ्याला शंभर वर्षे मागे असल्यासारखे भासते. चेरोकींच्या इतिहासाला त्या चौकटीत फारच थोडी जागा आहे. त्यासाठी उद्यानाच्या दक्षिण दारावरील चेरोकी गावात जावे. १८३८ च्या सक्तीच्या हकालपट्टीनंतरही ज्यांनी हा पर्वत सोडला नाही, त्यांचे वंशज तेथे राहतात. रस्त्यांच्या पाट्यांवर सेक्वोया या चेरोकी गृहस्थांनी घडवलेली चेरोकी लिपी दिसते आणि तेथील संग्रहालयासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवणे योग्य ठरेल.

शेनान्डोआत याउलट घडले. १९२८ च्या व्हर्जिनियातील कायद्यान्वये जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या, शेकडो कुटुंबे हलवली गेली आणि बहुतेक घरे पाडली किंवा जाळली गेली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या दऱ्यांतील लोकांना जगापासून तुटलेले आणि मागास ठरवून विस्थापनाला जणू नैतिक आधार दिला. १९९० च्या दशकातील उत्खननांत मात्र त्याच घरांच्या जोत्यांपाशी टपालाने मागवलेली खेळणी आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे सापडले. संगीतात रस असणाऱ्यासाठी हा तपशील फार बोलका आहे, कारण ही माणसे केवळ पूर्वजांची कथागीते जपत नव्हती, तर समकालीन मुद्रित गाणीही ऐकत होती. आज पायवाटांवर धुराडी, दगडी बांध आणि रानात माजलेल्या बागांतली फुलझाडे एवढेच उरले आहे. बर्ड अभ्यागत केंद्रातील प्रदर्शन विस्थापनाविषयी आणि कृष्णवर्णीयांसाठी लुईस माउंटन येथे राखून ठेवलेल्या वेगळ्या विभागाविषयी बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलते, तर लगतच्या काउंट्यांत विस्थापित कुटुंबांची आडनावे कोरलेली दगडी धुराड्यांची स्मारके उभी राहिली आहेत. स्टॉन्टन येथील खुले संग्रहालय इंग्लिश, आयरिश, जर्मन आणि पश्चिम आफ्रिकी शेतघरे शेजारी शेजारी उभी करते, आणि या पर्वतांच्या संस्कृतीची घडण समजून घेण्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खर्च, गर्दी आणि निर्णय

स्मोकीला प्रवेशशुल्क नाही, मात्र मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गाडी उभी करण्यासाठी दिवसाला ५ किंवा आठवड्याला १५ डॉलरचा परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास त्याऐवजी चालत नाही. शेनान्डोआत एका गाडीला सात दिवसांसाठी ३० डॉलर पडतात आणि तेथे तो पास चालतो. स्मोकीला २०२४ मध्ये १ कोटी २० लाखांहून अधिक भेटी झाल्या, म्हणजे ते देशातील सर्वाधिक गर्दीचे राष्ट्रीय उद्यान आहे. मेपासून सप्टेंबरपर्यंत बुधवारी केड्स कोव्हचा रस्ता वाहनांना बंद असतो आणि तो दिवस सायकलीने किंवा पायी फिरण्यासाठी उत्तम असतो. उद्यानात राहण्यासाठी तंबूंखेरीज केवळ पायी गाठता येणारे लेकाँट लॉज आहे, म्हणून मुक्काम बाहेरच करावा लागतो. त्यासाठी गॅटलिनबर्गपेक्षा टाउनसेंड किंवा ब्रायसन सिटी निवडावे. शेनान्डोआत डोंगरमाथ्यावरच राहता-जेवता येते. कुत्रा सोबत असेल तर प्रश्नच मिटतो. शेनान्डोआच्या बहुतेक पायवाटांवर त्याला नेता येते, तर स्मोकीत केवळ दोन वाटांवर.

वॉशिंग्टनच्या परिसरातून शनिवार-रविवारपुरते निघणाऱ्याने शेनान्डोआच निवडावे, आणि एक दुपार खोऱ्यासाठी ठेवावी. चार-पाच दिवस हाती असतील आणि संगीत व वारसा हे मुख्य कारण असेल, तर स्मोकीला पर्याय नाही, पण निम्मा मुक्काम चेरोकीच्या बाजूला हवा. दहा दिवस असणाऱ्याला निवड करण्याची गरजच नाही, कारण शेनान्डोआचे दक्षिण टोक आणि स्मोकीचे ओकोनालुफ्टी यांना ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे थेट जोडतो आणि वाटेत गॅलॅक्सजवळच्या ब्लू रिज म्युझिक सेंटरमध्ये हंगामात दुपारी विनामूल्य वादन ऐकता येते. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने या रस्त्याच्या नॉर्थ कॅरोलायनातील भागाचे आणि स्मोकीच्या काही पूर्वेकडील रस्त्यांचे मोठे नुकसान केले, त्यामुळे निवासाचे आरक्षण करण्याआधी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर कोणते टप्पे खुले आहेत हे पाहून घ्यावे.