डोकेदुखीवर बर्फ की गरम शेक?

एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नकोसा: ही अर्धशिशी. इथे बहुतेकांना थंड मानवतं. बर्फाचे सात-आठ खडे पिशवीत घालून त्यावर पातळ पंचा गुंडाळा आणि अंधाऱ्या खोलीत पडून कपाळावर किंवा मानेच्या वरच्या खळगीत १५ मिनिटं धरा. गोठलेल्या मटारची पिशवी तर त्याहून बरी, खळगीत नीट बसते. बर्फ थेट कातडीला लावाल तर ती भाजल्यासारखी लाल होईल. ठणका चढायला लागताच सुरुवात करा. पुरता चढला की उतार कमी पडतो. उग्र बाम मात्र लांब ठेवा, त्या वासानेच मळमळ वाढते.

डोक्याला पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दुखणं दोन्ही बाजूंना, दिवस गेलेला मान खाली घालून? मग शेक. शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने दोन-तृतीयांश भरा, उकळतं पाणी नको, बूच लावण्याआधी हवा दाबून काढा. लोक ती कपाळावर ठेवतात. दुखतं तिथे, पण आखडलेली असते बहुधा मान. मान-खांद्यांवर १५ ते २० मिनिटं शेका. नंतर खांदे कानांपर्यंत उचलून ५ सेकंद धरा, श्वास सोडत १० सेकंद सैल सोडा. असं पाचदा. घाईत केलं तर खांदे सैल पडतच नाहीत.

क्षणात असह्य झालेलं दुखणं, तापासोबत ताठ मान, अडखळती वाचा, हातापायात अशक्तपणा: यात बर्फही नको, शेकही नको, सरळ हॉस्पिटल गाठा.