डेट्रॉइट डार्क रेड: परसबागेतल्या बिटाच्या बियाण्याची पारख

नाशकात बियाण्याच्या दुकानात बीट मागितलं की बहुतेक वेळा दोन नावं पुढे येतात, डेट्रॉइट डार्क रेड आणि क्रिमसन ग्लोब. दोन्ही सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. गच्चीवर किंवा अंगणात वीस-पंचवीस बिटं घ्यायची आणि ती घरातच खायची, एवढा हिशोब असेल तर आमचं मत डेट्रॉइटला. उगवण दोन्हींची सारखीच. फरक पडतो तो उकडल्यावर. डेट्रॉइटचा गर गडद रक्तासारखा लाल, आतली वलयं फिकट लाल, साल गुळगुळीत आणि आकार गोल. क्रिमसन ग्लोब थोडं चपटं येतं आणि त्याचा गर एवढा गडद नसतो. कोशिंबिरीत आणि सारात हा फरक लगेच दिसतो.

वाण जुना आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या डी. एम. फेरी या बियाणं कंपनीने तो १८९२ मध्ये बाजारात आणला. इतकी वर्षं टिकण्याचं एक कारण स्वयंपाकघरातलंच आहे. पाला आटोपशीर असतो आणि कोवळा असताना पालकासारखाच वापरता येतो. बीट हा पालक आणि चाकवताचा भाऊबंदच. पाला फेकून देणाऱ्याने अर्धं पीक फेकलं.

पाकीट फोडल्यावर नवख्याचा पहिला गोंधळ होतो तो बियांवरून. खडबडीत दिसणारा दाणा हे एक बी नसतं, त्या गाठीत दोन ते चार बिया असतात. म्हणून एका जागी झुबका उगवतो. विरळणी केली नाही तर एकही बीट पोसत नाही, नुसत्या दोऱ्यासारख्या मुळ्या मिळतात. एका ग्रॅममध्ये साधारण पन्नास-साठ गाठी बसतात, तेव्हा घरासाठी लहानात लहान पाकीट पुरतं. उरलेलं बी कोरड्या डब्यात बंद ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं. बियांना रंग लावलेला असेल तर ते बुरशीनाशक असतं. पेरून झाल्यावर हात धुवावेत, आणि असं बी भिजवून कोंब खाण्यासाठी मुळीच वापरू नये.

पेरणीची वेळ नाशकाच्या थंडीने ठरवलेली आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. गाठी रात्रभर भिजवून दीड-दोन सेंटिमीटर खोल टोचायच्या, रोपांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर. बारा इंची पिशवीत चार-पाच रोपं, त्याहून जास्त नाहीत. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर ती सुकताना आवळते आणि बीट वेडंवाकडं येतं. निम्मी माती, निम्म्यात कंपोस्ट आणि थोडी वाळू असं मिश्रण हवं. रोप दोन इंचांचं झालं की झुबक्यातलं सर्वात जोमदार ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटायची नाहीत, शेजारच्याचं मूळ हलतं. कापलेली रोपं वरणात घालावीत.

दोष आधीच सांगितलेले बरे. फेब्रुवारीनंतर ऊन चढलं की या वाणाची वलयं पांढुरकी होतात आणि रंगाला दिलेले पैसे वाया जातात. पेरणी उशिरा केली तर हेच होतं. शेणखत-युरियाचा मारा केला तर पाला माजतो आणि गड्डा सुपारीएवढा राहतो. पाणी आठवडाभर नाही आणि मग एकदम भरपूर, असं झालं की बीट तडकतं. आत काळे, खडबडीत डाग निघाले तर बहुधा मातीत बोरॉन या अन्नद्रव्याची कमतरता असते. घरचं बी धरायची आशा ठेवू नये. बिटाला फुलायला कडक, लांब थंडी लागते, ती नाशकात मिळत नाही. बी डोंगराळ भागातून येतं, दरवर्षी नाहीतर तीन-चार वर्षांनी नवं घ्यावंच लागतं.

काढणी पाच-सहा सेंटिमीटर व्यासाला करावी, म्हणजे एक बीट साधारण नव्वद-शंभर ग्रॅम. पेरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तिथवर येतं. मोठं होऊ द्यावंसं वाटतं, पण मुठीहून मोठं बीट आतून चिवट होतं आणि शिजायला दुप्पट वेळ घेतं. काढल्यावर पाला लगेच कापायचा, नाहीतर तो बिटातलं पाणी ओढतो. पण देठ इंचभर ठेवायचे आणि शेपटीही कापायची नाही. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे. जिथे कापाल तिथून तो कुकरच्या पाण्यात जातो.

उकडताना सालीसकट, डब्यात पाणी न घालता, कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी. चार शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. सुरी मध्यापर्यंत अडखळल्याशिवाय जायला हवी. गार पाण्याखाली धरून अंगठ्याने दाबलं की साल हातमोज्यासारखी निघते. निघत नसेल तर बीट कच्चं आहे, आणखी दोन शिट्ट्या द्याव्यात.

बिटाला येणारा मातीचा वास अनेकांना नकोसा होतो. त्यावर उपाय आंबट. लिंबू, आमसूल, चिंच, दही, यांतलं काहीही त्या वासाला मारतं आणि रंगही झळाळतो, कारण आंबट पदार्थात हा लाल रंग टिकतो. खाण्याच्या सोड्यात तो मरतो. बिटाचा ढोकळा सोडा घातल्यावर तपकिरी का पडतो, याचं उत्तर हेच. तिथे डाळ-तांदूळ रात्रभर आंबवून, सोड्याशिवाय करावा. थालीपिठाचा रंगही तव्यावर उतरतो, कारण या रंगाला लांबलेली आच सोसत नाही. चव मात्र उत्तम राहते.

या वाणाचं सर्वात चांगलं रूप सारात दिसतं. दोन उकडलेली बिटं, पाव इंच आलं आणि एक हिरवी मिरची वाटून घ्यावी, त्यात तीन पेले पाणी, चार आमसुलं, चमचाभर गूळ, मीठ. एक उकळी येताच आच बंद. जास्त उकळलं तर लालचं विटकरी होतं. वरून साजूक तूप, जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. रंग बघूनच लहान मुलं वाटी पुढे करतात.

कोशिंबिरीसाठी पाव किलो उकडलेलं बीट किसून पूर्ण गार करावं. कोमट असताना दही घातलं तर पाणी सुटतं. वाटीभर घट्ट दही, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चिमूटभर साखर, मिरचीची फोडणी, आणि मीठ अगदी वाढताना. जानेवारीत द्राक्षं सुरू झालेली असतात. थोडी आंबटसर द्राक्षं अर्धी चिरून यात घालावीत. दह्याशिवाय, नुसतं लिंबू आणि द्राक्षं, हेही उत्तम.

पाल्याची भाजी करताना देठ आणि पानं वेगळी चिरावीत. तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, त्यात आधी देठ चार मिनिटं परतायचे, मग पानं. दोन मोठे चमचे बेसन पेरून झाकण ठेवावं. पानांत मुळातच मीठ जास्त असतं, ते शेवटी चाखून घालावं. ही भाजी त्याच दिवशी संपवावी. बीट जमिनीत असताना पाला हवा असेल तर एका रोपाची बाहेरची एक-दोन पानंच काढायची.

हलव्यात एक चूक नेहमीची. अर्धा किलो किसावर लिटरभर दूध ओतून तासभर आटवतात आणि शेवटी तपकिरी लगदा उरतो. किस दोन मोठे चमचे तुपात झाकून दहा-बारा मिनिटं परतावा, मग शंभर ग्रॅम खवा आणि ऐंशी ग्रॅम साखर. घरचं ताजं बीट गोड असतं, बाजारातल्या बिटाला लागते तेवढी साखर इथे जास्त होते.

खाल्ल्यावर लघवी गुलाबी झाली तर घाबरू नये, काहींना तसं होतं आणि ते निरुपद्रवी आहे. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र बीट आणि विशेषतः पाला बेताने खावा, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

गुण द्यायचे तर वेळेवर पेरलेल्या डेट्रॉइटला पाचपैकी साडेचार, डिसेंबरअखेर पेरलेल्याला तीन. अर्धा गुण विरळणीच्या कटकटीसाठी कापला आहे. उरलेली बिटं न धुता, ओल्या वाळूच्या बादलीत सावलीला पुरून ठेवली तर तीन आठवडे टणक राहतात. फ्रिजमध्ये ठेवायची तर पिशवीला दोन भोकं पाडून.