ऑफिससाठी वायरलेस हेडसेट: डेक्ट, ब्लूटूथ की साधी वायर?

हेडसेट घेताना बहुतेक ऑफिसं कानात काय ऐकू येतं तेवढंच तपासतात. दुकानात गाणं लावतात, बेस कसा आहे ते बघतात आणि ऑर्डर देऊन मोकळे होतात. धंद्याच्या फोनवर मात्र आपला आवाज ऐकणारा माणूस दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. त्याला आपल्या बोलण्यासोबत मागचा कूलर, शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि रस्त्यावरचे हॉर्न किती ऐकू येतात, यावर हेडसेटची खरी किंमत ठरते. म्हणून या तुलनेत संगीत धरलेलंच नाही. नागपुरातल्या ऑफिसांची नेटवर्क आणि फोनची कामं करताना जे निकष कामी येतात, तेवढेच घेतले आहेत.

वायरलेसमध्ये निवड मुख्यतः दोन तंत्रांत आहे. डेक्ट म्हणजे घरच्या कॉर्डलेस फोनचंच तंत्र. टेबलावर एक बेस, म्हणजे हेडसेट ठेवायचा स्टँड असतो, तो डेस्क फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि हेडसेट त्या बेसशी बोलतो. जाब्राचा एंगेज ६५ आणि ७५, पॉलीचा सावी ८२२० ही या गटातली नावं. ब्लूटूथ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्यात जाब्राचा इव्हॉल्व्ह२ ६५, पॉलीचा व्हॉयेजर फोकस २ आणि लॉजिटेकचे झोन हे ऑफिससाठीच केलेले सेट आहेत. तिसरा पर्याय वायरचा यूएसबी हेडसेट. त्याकडे शेवटी येतो, कारण काही ऑफिसांसाठी तोच बरोबर असतो.

किती लांब आणि किती जण

कागदावर डेक्ट सरळ पुढे आहे. एंगेजची रेंज १५० मीटरपर्यंत, सावी ८२२०ची १८० मीटरपर्यंत सांगितली जाते. इव्हॉल्व्ह२ ६५ ला ३० मीटर आणि फोकस २ ला ५० मीटर. हे सगळे आकडे मोकळ्या जागेचे आहेत. मध्ये दोन विटांच्या भिंती आणि फायलींनी भरलेलं लोखंडी कपाट आलं की त्यातला बराच भाग गळून पडतो. तरीही डेक्ट घातलेला माणूस बोलत बोलत पलीकडच्या खोलीतून फाइल घेऊन येऊ शकतो. ब्लूटूथवाल्याने खोली सोडली की आवाज तुटायला लागेल, असं धरून चालावं.

रेंजपेक्षा गर्दीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्याच पट्ट्यात वायफाय, वायरलेस माउस आणि पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हसुद्धा असतो. ब्लूटूथ या पट्ट्यात सतत जागा बदलत राहतं आणि गर्दीच्या जागा टाळतं, त्यामुळे दहा-बारा जणांच्या ऑफिसात सहसा अडचण येत नाही. एकाच हॉलमध्ये चाळीस-पन्नास जण एकाच वेळी बोलत असतील, तर टाळायलाही जागा उरत नाही. डेक्टचा पट्टा वेगळा आणि फक्त बोलण्यासाठी राखलेला. त्यात दहा वाहक लहरी आणि प्रत्येकीवर बोलण्या-ऐकण्याच्या बारा जोड्या, म्हणजे १२० संभाषणं बसतात. मात्र आवाज चांगला हवा म्हणून वाइडबँड, म्हणजे आवाजाचा जास्त रुंद पट्टा पाठवणारी पद्धत चालू केली की एका संभाषणाला दुप्पट जागा लागते आणि हा आकडा निम्म्यावर येतो. म्हणून मोठ्या हॉलमध्ये बेसची रेंज मुद्दाम कमी ठेवायची असते. तशी सोय या बेसमध्ये असते. रेंज कमी केली की हॉलच्या दुसऱ्या टोकाला तीच जागा पुन्हा वापरता येते. बसवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर सगळे बेस पूर्ण ताकदीवर राहतात आणि महागडा डेक्टही खरखरतो.

ब्लूटूथचे बरेच त्रास फुकटात सुटतात. ऑफिसचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ वायफायवर न्या, २.४ मोकळं होतं. हेडसेटसोबत आलेला यूएसबी डोंगल वापरा, लॅपटॉपमधल्या ब्लूटूथवर विसंबू नका. आणि तो डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी खोचू नका, कारण त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४च्या आसपास येतो. वीतभर एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर आणला तरी फरक पडतो.

समोरच्याला काय ऐकू येतं

रामदासपेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसातलं रोजचं काम घ्या. फोनवर क्लायंटला जीएसटी नंबर सांगायचा आहे. पंधरा अक्षरं-आकडे, आणि त्यातच पॅनची दहा अक्षरं. एस की एफ, बी की डी, पी की टी, यात एक अक्षर चुकलं की पुढचं सगळं चुकलं. ही अक्षरं वेगळी ओळखू येतात ती उंच पट्टीतल्या आवाजामुळे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतले जातात, त्यात साडेतीन किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं कापलं जातं. वाइडबँडमध्ये १६ हजार नमुने घेतात आणि एस-एफचा घोळ बराच मिटतो. गाणं झकास वाजवणारा हेडसेट कॉल सुरू होताच डब्यातून बोलल्यासारखा होतो, त्याचं कारणही हेच: माइक चालू झाला की ब्लूटूथ संगीताची वाट सोडून कॉलच्या अरुंद वाटेवर येतं. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत हा त्रास कमी आहे, पण हेडसेट आणि लॅपटॉप दोन्हीकडे ती सोय असेल तरच. डेक्टच्या या सेटमध्ये वाइडबँड मिळतं, पण डेस्क फोन किंवा लाइन जुनी असेल तर तिथेच आवाज कापला जातो. मग हेडसेट कितीही चांगला घ्या, उपयोग नाही.

आता गोंगाट. इथे दोन वेगळ्या गोष्टींची विक्रीत सर्रास गल्लत होते. एएनसी आपल्या कानातला गोंगाट कमी करतं. फोकस २ मध्ये ते आहे, इव्हॉल्व्ह२ ६५ मध्ये नाही. समोरच्याला त्याचा थेट फायदा काहीच नाही. त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो माइक, आणि माइकसाठी महत्त्वाचं असतं तोंडापासूनचं अंतर. तोंडाच्या कोपऱ्याजवळ येणारी दांडी असलेला माइक मला प्रत्येक ऑफिससाठी आवश्यक वाटतो. कानात घालायचे बिनदांडीचे इअरबड कितीही महाग असले, तरी पाच जण बोलत असलेल्या खोलीत ते दांडीच्या माइकची बरोबरी करत नाहीत.

नागपुरात याची परीक्षा मार्चअखेरपासून जूनपर्यंत होते. एसीच्या ऑफिसात प्रश्न कमी, पण असंख्य छोटी ऑफिसं आजही डेझर्ट कूलरवर चालतात. कूलरची घरघर सलग आणि एकसारखी असते, ती माइकमधलं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी गाळून टाकतं. गाळता येत नाही तो कूलरचा वारा. झोत सरळ तोंडावर येत असेल तर माइकवर तो फडफडतो आणि समोरच्याला वादळात उभं राहून बोलल्यासारखं ऐकू जातं. माइकवर फोमची टोपी घाला, दांडी झोताच्या आडोशाला, दुसऱ्या गालावर घ्या. बहुतेक मोनो, म्हणजे एका कानाचे सेट डाव्या-उजव्या दोन्ही कानांवर लावता येतात, ते घेताना बघून घ्या. माणसांचा आवाज मात्र कूलरपेक्षा कठीण. शेजाऱ्याचं बोलणं आणि तुमचं बोलणं यातला भेद सॉफ्टवेअरला कळायला जड जातो, आणि इथे एंगेज किंवा सावीसारख्या कॉल सेंटरसाठी केलेल्या सेटचे माइक स्वस्त ब्लूटूथपेक्षा स्पष्टपणे सरस पडतात.

बॅटरी, ऊन आणि लाइट जाणं

बॅटरीच्या आकड्यांत ब्लूटूथ पुढे. इव्हॉल्व्ह२ ६५ गाणी ऐकताना ३७ तासांपर्यंत, फोकस २ बोलताना १९ तासांपर्यंत, तर एंगेज आणि सावी १३ तासांच्या आसपास. प्रत्यक्षात १३ तास एका शिफ्टला पुरून उरतात आणि डेक्टचा सेट काम संपलं की बेसवर ठेवला जातो, त्यामुळे चार्ज करायचा राहत नाही. ब्लूटूथचा सेट ड्रॉवरमध्ये जातो आणि सोमवारी सकाळी तो मेलेला असतो. सोबत चार्जिंग स्टँड मिळत असेल तर घ्यावा.

लिथियम बॅटरीला आपलं ऊन मानवत नाही. अशा बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते, आणि मे महिन्यात तेवढं तर नागपूरच्या सावलीतलंच तापमान असतं. उन्हात उभ्या गाडीत हेडसेट ठेवून साइटवर जाणाऱ्यांच्या बॅटऱ्या लवकर बसतात. दोन जास्तीच्या कुशन सुरुवातीलाच मागून ठेवा. घामाने रेक्झिनचं अस्तर सोलवटतं, आणि दिवसभर घालायचं असेल तर एका कानाचा सेट उन्हाळ्यात खूप सुसह्य वाटतो.

डेक्टची एक बाजू दुकानदार सांगत नाही. लाइट गेली की बेस बंद आणि कॉल तुटला. लॅपटॉपच्या ब्लूटूथला काही होत नाही. डेक्ट घेत असाल तर बेसचं कनेक्शन इन्व्हर्टरच्या लाइनवर काढून घ्या, भार नगण्य असतो.

मग कोणी काय घ्यावं

मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये एका हॉलमध्ये तीसहून जास्त जण फोनवर असतील, तर डेक्ट. पैसे जास्त जातील, तरीही डेक्टच. धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनलाही डेक्ट, कारण तिथल्या माणसाला खुर्ची सोडून वॉर्डपर्यंत जावं लागतं. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं टीम्स आणि खिशात मोबाइल, दोन्हीवर दिवसभर बोलणाऱ्या विक्रीच्या आणि सल्लागार मंडळींना ब्लूटूथ. तो सेट दोन्हींना एकदम जोडता येतो आणि त्यांच्यासोबत प्रवासही करतो. टीम्ससाठी प्रमाणित मॉडेलच घ्या, नाहीतर हेडसेटवर म्यूट आणि स्क्रीनवर चालू असा गोंधळ होत राहतो.

आणि जो कर्मचारी सात तास खुर्चीवरून उठतच नाही, त्याला वायरचा यूएसबी सेट द्या. ना चार्जिंग, ना पेअरिंग, ना लहरींची गर्दी, आणि चांगला माइक बऱ्याच कमी पैशांत. वाचलेल्या पैशांतून गरजू टेबलांवर डेक्ट देता येतो. सगळ्यांना सारखंच द्यायचं, या हट्टापायी कित्येक ऑफिसं सगळ्यांना मध्यम दर्जाचं ब्लूटूथ देतात आणि कोणाचंच काम नीट होत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून डेक्ट हेडसेट मागवू नका. तिथला डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे तो भाग मोबाइल सेवेचा आहे. युरोपातला डेक्ट वेगळा, १८८० ते १९०० वर. भारतासाठीचंच मॉडेल घ्या आणि विक्रेत्याकडे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या ईटीएची, म्हणजे उपकरणाला मिळालेल्या मंजुरीची प्रत मागा. खोक्यावर प्लॅन्ट्रॉनिक्स असं नाव दिसलं तर बनावटीची तारीख तपासा. ती कंपनी २०१९ मध्ये पॉली झाली आणि २०२२ मध्ये एचपीने विकत घेतली. इतका जुना माल स्वस्त मिळेल, पण पडून पडून त्याची बॅटरी म्हातारी झालेली असेल.

एकदम वीस सेटची ऑर्डर देऊ नका. दोन सेट आठवडाभर वापरायला मागा, सीताबर्डीतले ओळखीचे विक्रेते मोठ्या ऑर्डरसाठी सहसा देतात. दुपारी कूलर पूर्ण वेगात असताना आणि सगळे जागेवर असताना त्यावरून बाहेरच्या माणसाला फोन लावा, एक जीएसटी नंबर सांगा आणि त्याला तो लिहून परत वाचायला लावा. मग तोच नंबर दुसऱ्या सेटवरून, दाराबाहेर जाऊन सांगा. ज्या सेटवर पंधराच्या पंधरा अक्षरं पहिल्या फटक्यात बरोबर लिहिली गेली, त्याची ऑर्डर द्या.