व्हँकुव्हरचं बीसी स्पोर्ट्स हॉल ऑफ फेम: काय पाहायचं, कुठून सुरुवात करायची

व्हँकुव्हरला गेलेली आपली मंडळी स्टॅन्ली पार्क आणि कॅपिलानोचा झुलता पूल बघून परततात. डाउनटाउनमध्येच, बीसी प्लेस स्टेडियमच्या गेट ‘ए’ला असलेलं हे गाजलेल्या खेळाडूंचा गौरव करणारं संग्रहालय राहून जातं. खेळाची थोडीही आवड असेल तर ते चुकवू नका.

मांडणी फक्त कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताची आहे आणि हीच तिची ताकद. क्रीडापत्रकार एरिक व्हाइटहेड यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये याची सुरुवात झाली. तेव्हा ते हेस्टिंग्ज पार्कात होतं, स्टेडियमात नंतर आलं.

आत शिरण्याआधी बाहेरचे टेरी फॉक्सचे चार ब्राँझ पुतळे नीट बघा. डग्लस कूपलंड यांचं हे काम २०११ चं. प्रत्येक पुतळा आधीच्यापेक्षा मोठा. टेरीचा उजवा पाय कॅन्सरमुळे गुडघ्याच्या वरून कापलेला होता. कृत्रिम पायातली स्प्रिंग पूर्ववत व्हायला क्षणभर लागायचा, म्हणून तो धडधाकट डाव्या पायावर एक जादा उडी घ्यायचा. ही लय कळली की कॅन्सर संशोधनाला निधी मिळावा म्हणून १९८० मध्ये कॅनडा ओलांडायला निघालेल्या त्याच्या धावेचा अर्थ लागतो. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, रोज जवळपास एक मॅरेथॉन! कॅन्सर फुप्फुसात पोचल्यामुळे ऑन्टारिओतल्या थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं.

आत टेरीचं दालन बघून लगेच व्हीलचेअर खेळाडू रिक हॅन्सनच्या दालनात जा. दोन्ही सलग बघायला हवीत. टेरीला १९७७ मध्ये व्हीलचेअर बास्केटबॉल संघात बोलावणारा हॅन्सनच होता. पुढे १९८५ ते १९८७ या काळात तो व्हीलचेअरवरून ३४ देशांत ४०,००० किलोमीटरहून जास्त फिरला.

‘व्हँकुव्हर असाही’ या जपानी-कॅनेडियन बेसबॉल संघाचं नाव इथे अवश्य शोधा. धिप्पाड गोऱ्या संघांना ते बंटने, म्हणजे चेंडू बॅटने जेमतेम अडवून जवळच पाडत, आणि चपळ धावांनी हरवायचे. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हटवून छावण्यांत पाठवलं गेलं आणि संघच संपला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळालं ते २००५ मध्ये. इतका उशीर व्हायला नको होता.

धावपटू पर्सी विल्यम्सची १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमधली १०० आणि २०० मीटरची मूळ सुवर्णपदकं मात्र दिसणार नाहीत. त्याने ती इथे दिली आणि १९८० मध्ये ती चोरीला गेली.

आदिवासी खेळाडूंचं दालन २०१८ चं आहे, महिला खेळाडूंचं वेगळं. दोन्हींकडे पुरेसा वेळ द्या. दीड-दोन तास हाताशी हवेतच. नुसत्या नावांच्या याद्यांतून नवख्याला काही हाती लागत नाही, त्यामुळे चार-पाच खेळाडूंबद्दल आधी वाचून जा.

स्कायट्रेनने (इथली मेट्रो) स्टेडियम-चायनाटाउन स्थानकावर उतरलात की चालत पोचता येतं. स्टेडियममध्ये सामना किंवा मोठा कार्यक्रम असेल तर वेळा बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघून घ्या.